काही नाही, नंतर सांगते

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी काहीतरी बोलतं आणि अख्खी ओळ हसते. माझी आई हातातला घास तसाच ठेवून शेजारच्या आत्याला कोपराने ढोसते, तळवा उताणा करून हलवते. काय झालं? आत्या हसू आवरत, आईकडे अर्धवट बघत हात झटकते. काही नाही. नंतर सांगते.

ते 'नंतर' आईच्या वाट्याला कधी आलं नाही. आत्या वाईट नव्हती. एकदा हसून झालेला विनोद पुन्हा खुणांनी सांगायचा कंटाळा, दुसरं काय. पण पंगतीतलं हे साधं वाक्य मी ज्या धंद्यात आहे तिथे गैरवर्तन ठरतं, हे मला फार उशिरा कळलं. आणि ते मी स्वतः किती वेळा केलंय, हे त्याहून उशिरा.

माझे आई आणि बाबा दोघंही बहिरे. (सरकारी कागदावर कर्णबधिर, जुन्या शाळांच्या पाटीवर अजूनही मूकबधिर. ते दोघं स्वतःला डेफ म्हणवतात किंवा सरळ बहिरे. मीही तेच लिहिते.) मला ऐकू येतं. आमच्यासारख्या पोरांना कोडा म्हणतात. मराठी बोलायच्या आधी मला साइन, म्हणजे खुणांची भाषा, येत होती, आणि शाळेत नाव घालायच्या आधीच मी दुभाषी झाले होते. घरमालकाशी बाबांचं भांडण माझ्या तोंडून व्हायचं आणि शिव्याही मलाच द्याव्या लागायच्या. पुढे वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत इंटरप्रिटिंगचा डिप्लोमा केला, भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, सीआरआर नंबर, म्हणजे त्यांच्या केंद्रीय रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक, मिळाला. जन्मापासून जे करत होते त्याचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट आलं. आईने ते देवाजवळ ठेवून हळदकुंकू लावलं, त्यामुळे त्यावर एक पिवळट बोट अजून आहे.

ही नोंदणी पाच वर्षांनी नवी करावी लागते. सेमिनारांचे पॉइंट जमवायचे, झेरॉक्सा काढायच्या, फी भरायची. गेल्या खेपेला कागद लावता लावता एका संध्याकाळी मी १९९२ चा आरसीआय कायदा उघडून बसले. सर्टिफिकेट मिळतं कसं हे मला पाठ होतं. जातं कसं, हे कधी बघितलंच नव्हतं.

जातं ते कलम २१ खाली. नाव रजिस्टरमधून काढायची कारणं मोजकी आहेत. नोंद चुकून झाली असेल, खोटं सांगून किंवा महत्त्वाचं काही लपवून करून घेतली असेल. किंवा माणसाला एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, त्याने व्यवसायात लांच्छनास्पद वर्तन केलं असेल, आचारसंहिता मोडली असेल, आणि त्यामुळे तो रजिस्टरमध्ये राहायला लायक नाही असं परिषदेचं मत झालं असेल. नाव कायमचं जाऊ शकतं किंवा ठरावीक वर्षांसाठी. त्याविरुद्ध ६० दिवसांत केंद्र सरकारकडे अपील करायचं, तिथला निकाल शेवटचा. शिवाय कलम १३ आहे: रजिस्टरमध्ये नाव नसताना धंदा केला तर एक वर्षापर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या हिशेबाने माझं निम्मं बालपण आत जायला हवं होतं.

नाव काढण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यावी लागते. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी जे शब्द आहेत त्यांचा सरळ अर्थ 'ऐकून घेतलं जाण्याची संधी'. तिथे मी थांबले. ही संधी कायद्याने मला दिली आहे. मला, जिला ऐकू येतं.

आचारसंहिता १९९८ ची, आणि ती पुनर्वासातल्या सगळ्या व्यावसायिकांना मिळून एकच. कायद्याच्या मूळ यादीत ऑडिओलॉजिस्ट आहेत, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत, श्रवणयंत्राचे तंत्रज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत. दुभाषी नाही, तो मागाहून आलेला पाहुणा. पाहुण्याला वेगळं ताट मागू नये म्हणतात, पण इथे मागायला हवं असं मला वाटतं. कारण बाकी सगळ्यांच्या समोर एक माणूस बसलेला असतो. माझ्या दोन बाजूंना दोन असतात, आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नाही म्हणूनच मी तिथे असते. इअर मोल्ड, म्हणजे श्रवणयंत्राचा कानात बसणारा साचा, नीट बसला नाही तर कानातलं यंत्र शिट्टी मारतं. शेजारच्यालाही ऐकू जाते. मी एक वाक्य गाळलं तर कुठेच शिट्टी वाजत नाही.

१९९७ साल असेल, मी अकरा वर्षांची. बाबा एका छापखान्यात बाइंडिंगला होते. बँकेत त्यांची सही जुळत नव्हती म्हणून पैसे अडले होते. काउंटरवरचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "या पोरीशी काय बोलणार मी? पुढच्या वेळी कोणी धड बोलणारा मोठा माणूस आणायला सांग." बाबांनी मला विचारलं. मी खुणेने सांगितलं, साहेब आज कामात आहेत, उद्या या म्हणतात.

बाबा दुसऱ्या दिवशी पुन्हा हाफ डे टाकून गेले. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी काका बरोबर गेले आणि दहा मिनिटांत काम झालं. बाबांना वाटलं, साहेबाला अखेर वेळ मिळाला. दोन अर्ध्या दिवसांचा पगार कापला गेला, तो आईने डाळीत पाणी वाढवून भरून काढला असणार. बाबांना लागू नये म्हणून मी ते वाक्य गाळलं होतं. पण त्यांनी ते वाक्य 'बघितलं' असतं तर पहिल्याच दिवशी काकांना बोलावलं असतं, किंवा त्या माणसाच्या टेबलावर हात आपटला असता. काय करायचं ते त्यांनी ठरवलं असतं. ते मी ठरवून टाकलं. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

खोट्या दुभाष्याची गोष्ट निघाली की सगळ्यांना मंडेलांची शोकसभा आठवते. १० डिसेंबर २०१३, जोहान्सबर्गचं स्टेडियम, भाषणाला ओबामा आणि त्यांच्या अगदी शेजारी साइन इंटरप्रिटर. माणूस गंभीर, सूट व्यवस्थित, हात अखंड चालू. ऐकू येणाऱ्या जगाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिथल्या बहिऱ्यांना मात्र लगेच कळलं की हे नुसते हातवारे आहेत, यात भाषा नाही. आपल्याकडच्या बातम्यांत ती क्लिप दाखवली तेव्हा आई समोर बसली होती. तिला दक्षिण आफ्रिकेची साइन येत नाही. प्रत्येक देशाची वेगळी असते. तरी ती म्हणाली, याचा चेहरा रिकामा आहे. आमच्या भाषेतलं अर्धं व्याकरण भुवयांवर असतं.

त्या प्रकरणावर जग हसलं. माझ्या मनात राहिली ती नंतर बाहेर आलेली गोष्ट: याच माणसाबद्दल तिथल्या बहिऱ्यांच्या संघटनेने आधीच्या एका कार्यक्रमानंतर तक्रार केली होती. म्हणजे कुणाला दिसलं नव्हतं असं नाही. ज्यांना दिसलं होतं, त्यांचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत भाषा-व्यावसायिकांच्या परिषदेचा कायदा आला. पण अख्ख्या जगाच्या कॅमेऱ्यासमोर तोतया सापडणं हे लॉटरी लागण्यासारखं आहे. ओपीडीत कॅमेरा नसतो.

तोंडाने बोलायच्या भाषांच्या दुभाष्यांचीही हीच कथा. इंग्लंडमध्ये १९८१ साली इक्बाल बेगम नावाच्या बाईला नवऱ्याच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. वकिलाच्या प्रश्नांवर ती गप्प बसायची, आणि त्या गप्प बसण्याचा कुणाला संशय आला नाही. दुभाषी तर होता ना खोलीत! चार वर्षांनी अपिलात निघालं की दुभाष्याची भाषा वेगळी, बाईची वेगळी. तो खटलाच रद्दबातल ठरला. १९९४ साली तिथे सार्वजनिक सेवांसाठीच्या दुभाष्यांचं राष्ट्रीय रजिस्टर सुरू झालं. त्यात तक्रारीची रीतसर सोय आहे, चौकशी होते, नाव काही काळ बाजूला ठेवता येतं, कायमचं काढताही येतं. मात्र त्या रजिस्टरला कायद्याचं कुंपण नाही. नाव गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आणखी कुठे दुभाषी म्हणून उभा राहिला तर त्याला रोखणार कोण? आमच्याकडे कुंपण आहे, हजार रुपये उंचीचं.

कोर्टातलं काम मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. तिथे आधी माझी शपथ होते, साक्षीदारासारखीच. विचारलेले प्रश्न आणि दिलेली साक्ष नीट आणि खरी समजावून सांगेन. पुरावा कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीपासून, बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष दुभाष्याच्या मदतीने घेतली तर तिचं व्हिडिओ चित्रण करावं लागतं. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, नियमांत तर स्पष्ट लिहिलंय: दुभाषी निःपक्षपाती हवा, कुठे हितसंबंध गुंतला असेल, नुसता तसा भास होत असेल, तरी आधी सांगायला हवं, आणि भाषांतर पूर्ण हवं. पदरचं घालायचं नाही, गाळायचं नाही. कॅमेरा चालू असतो तेव्हा माझे हात जरा जास्त सरळ चालतात, हे कबूल करते.

ओपीडीत, बँकेत, शाळेच्या पालकसभेत मात्र शपथही नाही आणि चित्रणही नाही.

मी जिच्यासाठी दुभाषी म्हणून जायचे अशी एक बहिरी बाई आहे. तिला मी इथे खळी म्हणते. बहिऱ्यांच्यात तिचं नाव तेच आहे, गालाला टेकवलेलं बोट. आमच्यात कागदावरची नावं फारशी चालत नाहीत. माणूस दिसतो तसं त्याचं नाव पडतं, जन्मभर चिकटतं. हा लेख लिहिण्याआधी तिला सगळा साइन करून दाखवला. दोन गोष्टी तिने काढायला लावल्या, एक घालायला लावली. न विचारता लिहिला असता तर या लेखावरच माझी तक्रार व्हायला हवी होती.

खळीबरोबर मी एका दवाखान्यात गेले होते, बायकांच्या ओपीडीत. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, मी दोन्हीकडून व्यवस्थित केलं. मग ते हात धुता धुता सिस्टरला काहीतरी बोलले. मराठीत, मोठ्याने, कारण खोलीतल्या ज्या बाईबद्दल बोलत होते तिला ऐकू येत नव्हतं. सिस्टर हसली नाही, पण तिने मान खाली घातली. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही.

नियम सांगतो, खोलीत जे बोललं जातं ते सगळं पोचवायचं. खळीला ऐकू येत असतं तर तिला ते ऐकू आलं असतं. मग तिथे तिचे कान असलेल्या मी ते का अडवलं? तिने माझ्या चेहऱ्यावरून ताडलंच होतं. तळवा उताणा झाला. काय म्हणाला?

माझा हात आपोआप झटकला गेला. काही नाही. नंतर सांगते.

आत्याचा हात. हुबेहूब.

बाहेर रिक्षा मिळेपर्यंत ती काही बोलली नाही. रिक्षात बसल्यावर फक्त एवढंच म्हणाली, तूपण घरच्यांसारखीच. मी पैसे काढायच्या नावाखाली पर्समध्ये बघत बसले. साइनमध्ये एक सोय आहे: समोरच्याकडे बघितलं नाही की त्याला गप्प करता येतं.

त्या दिवशी तिने माझी तक्रार केली असती तर? हा प्रश्न कायदा वाचताना डोक्यात आला आणि तिथून हललाच नाही. काय घडलं हेच तिला माहीत नाही, तर लिहिणार काय? 'माझ्यापासून काहीतरी लपवलं गेलं, ते काय ते मला ठाऊक नाही.' असा अर्ज कुठली समिती दाखल करून घेईल? नोंद चुकीची, सर्टिफिकेट खोटं, असली प्रकरणं कागदावर पकडता येतात. मायेपोटी गाळलेलं वाक्य पकडायला त्या खोलीत दुसरा दुभाषी हवा.

रायगडावर १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला, त्याच्याबरोबर कंपनीचा दुभाषी नारायण शेणवी होता. तेव्हापासून, खरं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, या धंद्याचं मर्म तेच आहे. दोन्ही बाजूंचं फक्त मधल्यालाच कळतं. शेणवीबोवांनी इकडचा शब्द तिकडे जाताना जरा घासूनपुसून दिला असेल तर ते कुणाला कळलं असेल?

मग दोन वर्षांनी खळीकडे खरोखरच तक्रार करण्यासारखं काही आलं. माझी नव्हे. तिचा संसार मोडला होता, प्रकरण कोर्टात होतं, समुपदेशकासमोर बोलणी झाली. तिथे जो इंटरप्रिटर होता तो माझा बॅचमेट. बोलणी झाली बुधवारी. रविवारी डेफ क्लबात एका बाईने खळीला थेट विचारलं, नवऱ्याने असं असं केलं म्हणे? जे तिने बंद खोलीत समुपदेशकाला सांगितलं होतं, नेमकं तेच.

अमेरिकेत साइन इंटरप्रिटरांची जी जुनी संस्था आहे, १९६४ ची, तिच्या आचारसंहितेत सात कलमं आहेत आणि पहिलंच गोपनीयतेचं. तिथे बहिऱ्या माणसाला स्वतःची तक्रार स्वतःच्या हातांनी, साइनमध्ये व्हिडिओ करून पाठवता येते. मला हे त्या सात कलमांहून मोठं वाटतं. खळीनेही व्हिडिओच केला होता, स्वयंपाकघरात ओट्याला फोन टेकवून, सात मिनिटांचा. पण इथे लेखी अर्ज हवा होता, इंग्रजीत असेल तर बरं. तिच्या शाळेत दहा वर्षं ओठ वाचायला आणि 'प' म्हणायला शिकवण्यात गेली. लिहायला शिकवायचं राहूनच गेलं. ती मराठी लिहिते ती खुणांच्या क्रमाने, प्रश्न वाक्याच्या शेवटी टाकून. वाचणाऱ्याला वाटतं, बाई अडाणी आहे.

म्हणून ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, तो माझ्याबरोबर शिकलाय, मला त्याच्याकडून कामं येतात, मी हे करणं बरोबर नाही, दुसरं कुणीतरी बघ. तिने बोटांवर मोजून दाखवलं. एक त्याची मेव्हणी. एक नागपूरला गेली. एकाला तिच्या सासरकडून कामं मिळतात. एकाचं इंग्रजी तिच्याइतकंच. चार बोटं मिटली, अंगठा उरला, तो तिने माझ्याकडे वळवला.

बसलो लिहायला. तिचा व्हिडिओ मोबाइलवर, माझा लॅपटॉप पुढ्यात. तारीख, ठिकाण, कोण कोण हजर होतं, हे सरळ गेलं. मग मधे एक जागा आली. तिथे तिने दोन्ही हातांनी छातीजवळून काहीतरी काढून समोरच्याला दिलं होतं आणि पैसे घेतले होते. विकलं. माझ्या घरातलं त्याने विकलं.

मी टाइप केलं: गोपनीय माहिती अनधिकृतपणे उघड केली.

तिने माझा हात धरला. मला इंग्रजी येत नाही, म्हणाली. काय लिहिलंस ते परत साइन करून दाखव. मी केलं. दुसऱ्यांना सांगितलं. तिने मान हलवली. करंगळी वर. वाईट. हा शब्द माझा नाही. मी विकलं म्हटलंय.

मी समजावायला गेले. विकलं लिहिलं तर ते विचारतील किती पैसे घेतले, पुरावा काय; समितीला असे शब्द आवडत नाहीत, तुझीच बाजू कमकुवत होईल. सगळं खरं होतं. आणि मी काय करत होते ते सांगायला नको. बॅचमेटला वाचवत होते की तिला, हे मला त्या क्षणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगू शकले नसते.

पैसे नाहीत, ती म्हणाली. पण त्याला सगळ्यांनी चहा पाजला. तो मधे, भोवती बारा लोक, सगळे त्याच्या हातांकडे बघतायत. त्याला असं कधी कुणी बघत नाही. माझ्या घरातलं देऊन त्याने ते घेतलं. मग विकलंच ना?

मी ओळ खोडली आणि तिचा शब्द तिच्या नावाने, अवतरणात लिहिला. पुन्हा साइन करून दाखवला. तिने खालपर्यंत सगळा अर्ज तसाच उलटा करून घेतला, वाक्यागणिक. दोन ठिकाणी आणखी पकडलं. रात्रीचे साडेनऊ झाले. मी फाइल सेव्ह केली, चहा टाकायला उठले.

तिने टेबलावर थाप मारली. आमच्यात हाक मारायची ती रीत आहे, लाकडातून कंप येतो. मी वळले. खळी नव्हती गालावर. तळवा उताणा.

त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाला होता?

मी गॅस बंद केला. समोर येऊन बसले, दिवा माझ्या हातांवर पडेल अशी. आणि सांगितलं. हात धुताना बोलला, सिस्टरकडे बघून बोलला, हेही सांगितलं. सिस्टरने मान खाली घातली तेही. काही घातलं नाही, काही गाळलं नाही. त्या वाक्यात शेवटी एक हेल होता, तो भुवयांनी दाखवला.

ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली, ते थांबल्यावरसुद्धा. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

तारीख कोणती होती, तिने विचारलं.